ज्याची नाईट, त्याची खिडकी

आमच्या कॉलनीत दुपारी अडीच ते साडेतीन कुणी बोलत नाही. बाहेरून आलेल्याला वाटतं, काय शिस्तीची माणसं आहेत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीन पाळ्या चालतात, त्यामुळे दर बिल्डिंगमध्ये एखादा तरी पुरुष नाईट करून येतो आणि पडदे ओढून झोपतो. त्याची झोप मोडू नये म्हणून कुकर बाराच्या आत लावायचा, मिक्सर तर त्याहून आधी, असं लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं. त्या शांततेचं खरं कारण मात्र सात महिन्यांनी कळलं.

तेव्हा तेजल पोटात होती. नवनाथची नाईट होती, तो आत झोपला होता आणि मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. आतून तो एकदा खोकला. लगेच मागच्या खिडकीखाली कुणीतरी सुस्कारा सोडला. मी मागचं दार हळूच उघडलं, तर तिथे बायका उभ्या. सगळ्या अनवाणी, पदर खोचलेले, बांगड्या कोपराकडे सरकवून रबरबँडने आवळलेल्या. मध्ये घडी केलेली गोधडी, तिच्यावर शहाबादी फरशीचे सहा तुकडे एकावर एक रचलेले. सातवा तुकडा हातात घेऊन यशोदाकाकू वाकल्या होत्या. यशोदाकाकू म्हणजे आमच्या शेजारच्या निवृत्तीकाकांच्या मिसेस, साठीच्या जवळपास, ज्यांना मी तोवर फक्त सत्यनारायणाला पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मग खिडकीकडे हात केला, स्वतःच्या छातीकडे केला, आणि तुकडा खाली ठेवून बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या नवऱ्याने त्यांना बाद केलं होतं.

खेळ म्हणजे लगोरीच. एका संघाने चेंडू मारून ढीग पाडायचा आणि दुसऱ्या संघाचा चेंडू अंगावर बसायच्या आत परत रचायचा. फरक एवढाच, की आवाज करायचा नाही. चेंडू जुन्या मोज्यांचा, ढीग गोधडीवर. पडताना वाजत नाही, रचताना वाजतो, आणि खरी कसोटी तिथेच. पंच आत झोपलेला असतो. त्याने कूस बदलली, पलंग करकरला, तर ताकीद. तो खोकला, तर ज्या बाईच्या हातात तुकडा ती बाद. उठून त्याने खिडकी उघडली तर डाव संपला, आणि सगळ्यांनी वाळलेले कपडे काढायला आल्याचं दाखवायचं. मागे प्रत्येक खिडकीसमोर दोरी बांधलेली आहे ती त्यासाठीच. पण खोकल्याने बाद होणाऱ्या बायका कमी. जास्त बायका हसू फुटून बाद होतात.

आणि सगळ्यांत मोठा नियम हा, की आपण पंच आहोत हे पंचाला कधीच कळता कामा नये. सव्वीस वर्षांत एकालाही कळलं नव्हतं. वेळापत्रक सोपं होतं. ज्याची नाईट, त्याची खिडकी.

खिडक्याखिडक्यांत फरक. निवृत्तीकाकांची खिडकी नवशिक्यांसाठी, कारण उशाशी खलबत्ता कुटला तरी त्यांचं घोरणं चालूच. सुलाबाईंच्या मालकांची मधली. आणि नवनाथची सगळ्यांत अवघड. माझा नवरा भिंतीवरून पाल गेली तरी कूस बदलतो. लग्न जमवताना हा गुण कुणी सांगितला नव्हता, पण कॉलनीत माझी वट त्यानेच वाढली. "निकिता, तुझ्याकडे नाईट कधीय गं?" असं बायका विचारायच्या तेव्हा मला उगीचच घर मोठं असल्यासारखं वाटायचं.

तेजल झाल्यावर तो तास माझ्यासाठी फारच मोठा झाला. पहाटे पाचपासून माझे दोन्ही हात तिचे असतात. मऊ भात, लंगोट, तेल, अंघोळ, पुन्हा भात, त्यातला निम्मा माझ्या केसांत. दुपारी ती झोपते, बाप नाईटला असला तर त्याच्या काखेत नाक खुपसून. मग मी मागचं दार लोटून घेते. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा धावले ती त्या फरशीवर, अनवाणी, पोटात कळ येईपर्यंत. त्या तासात मला कुणी हाक मारत नाही. हातात दगडाचा एक तुकडा असतो आणि तो वाजू द्यायचा नसतो, एवढंच जगात काम उरतं.

पण गेल्या दोनेक वर्षांत कॉलनी रिकामी होत चालली. कुणी बदलीवर गेलं, कुणी नाशिक रोडला फ्लॅट घेतला. अकरा बायकांच्या आम्ही पाच उरलो. यशोदाकाकू, सुलाबाई, मी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या चतुराबाई, आणि वर्षभरापूर्वी आलेली तृप्ती. त्यात निवृत्तीकाका दिवाळीत रिटायर होणार, म्हणजे काकूही क्वार्टर सोडून जाणार.

"चौघींत लगोरी व्हत नाय," चतुराबाई म्हणाल्या. "चौघींत पत्ते व्हत्यात."

तृप्ती गंगापूर रोडच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. सकाळची शाळा आटोपून दोनला घरी येते आणि तरीही तिच्या अंगात एवढा उत्साह असतो की बघूनच आपण दमतो. एप्रिलमध्ये एकदा खेळ झाल्यावर काकूंच्या ओट्यापाशी चहा घेताना तिने विषय काढला. जिल्ह्यात पारंपरिक खेळांसाठी एक समिती झाली होती. तिच्याकडे नोंदणी केली की मैदान, साहित्य, शाळाशाळांत संघ.

"नाव मूक लगोरी," तृप्ती म्हणाली. "बारा शाळांशी मी बोलून ठेवलंय. युनिफॉर्म, नियमावली, पंचांचं ट्रेनिंग."

"पंचांना कसलं ट्रेनिंग?" सुलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे झोपायचं."

"मग आमच्या मालकांना सर म्हणून घ्या."

काकू हसल्या नाहीत. "मॅडम, बाहेर गेला की खेळ आपला राहणार नाही."

"काकू, आत ठेवला तर खेळच राहणार नाही. दिवाळीनंतर कोण खेळणार?"

"सव्वीस वर्षं राहिला."

"तेव्हा तुम्ही तेवीस जणी होतात."

"मला दोन्ही चालंल," चतुराबाई म्हणाल्या. "फकस्त अडीचच्या आत माझी भांडी व्हाया पाह्यजे."

मग हात वर करायचं ठरलं. तृप्तीचा हात वर. काकू आणि सुलाबाई विरोधात. चतुराबाईंनी दोन्ही वेळा वर केला, म्हणून तो धरला नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी दिवाळीनंतरची दुपार डोळ्यांसमोर आणली. तेजल झोपलेली, मागचं दार लोटलेलं, बाहेर गोधडी आणि आम्ही चौघी. मी हात वर केला. दोन-दोन झालं, आणि तृप्तीने ते मंजूर असं धरलं.

काकू कपबश्या विसळायला लागल्या. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाल्या, "ज्याला कळलं तो झोपला, असं होत नसतं. एवढं लक्षात ठेव."

समितीने मे महिन्यात प्रात्यक्षिक मागितलं. शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी अडीचला, तीन सदस्यांसमोर. आता प्रात्यक्षिक म्हटल्यावर पंच हवा. तोही खरा, नाईट करून आलेला, आणि काहीही माहीत नसलेला. तृप्ती म्हणाली, तिकडे शाळेचा शिपाई झोपवू. मी म्हटलं, दाखवायचंच आहे तर नवनाथ. त्याच्यासमोर तुकडा न वाजवता ठेवला तर समितीलाही कळेल खेळ काय आहे. थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

पण त्याला तिथे न्यायचं कसं? डोकं तृप्तीनेच चालवलं. शाळेत योगनिद्रेचं मोफत शिबिर आहे, असं मी त्याला सांगितलं.

"योगनिद्रा म्हंजे?" नवनाथने विचारलं. तो निफाडकडचा, घरी असला की भाषाही तिकडची.

"म्हणजे गादीवर पडायचं आणि झोपायचं."

"आन् मंग?"

"मग सर्टिफिकेट देतात."

"मंग आजवर मी फुकटच झोपलो म्हणायचं."

त्या दिवशी तो नाईट संपवून, अंघोळ करून, तेजलला पुढे बसवून मोटारसायकलवर निघाला. आम्ही पाचजणी रिक्षात. काकू येणार नाहीत असंच सगळ्यांना वाटलं होतं. त्या फरशीच्या तुकड्यांची पिशवी मांडीवर घेऊन सगळ्यांच्या आधी बसल्या होत्या. "तुकडे माझे आहेत," एवढंच म्हणाल्या.

हॉल गार होता, एसी लावलेला. समितीचे तिघे पहिल्या रांगेत बसले होते. शाळेने त्यांना आमरसाचं जेवण दिलं होतं, त्यामुळे ते बसले होते म्हणण्यापेक्षा ठेवले होते म्हणावं. तृप्तीने त्यांना मोबाइल बंद करायला आणि काही झालं तरी न बोलायला सांगितलं. स्टेजवर गादी. तिच्यावर नवनाथ, त्याच्या काखेत तेजल. तृप्तीने अगदी खालच्या आवाजात सुरू केलं, "श्वास आत घ्या. हळूहळू सोडा." दुसरा श्वास त्याने सोडला तो झोपेतच.

आम्ही बांगड्या वर सरकवल्या.

चारेक मिनिटं झाली असतील. मी तिसरा तुकडा ठेवत होते आणि घरघर ऐकू आली. पण नवनाथ घोरत नाही. काकूंनी डोळ्यांनी पहिल्या रांगेकडे खूण केली. समितीच्या अध्यक्षांचं डोकं शेजारच्या सदस्याच्या खांद्यावर होतं. त्या सदस्याचं डोकं अध्यक्षांच्या डोक्यावर. तिसरे हनुवटी छातीला लावून, दोन्ही हात पोटावर ठेवून, समाधीत.

काकूंनी चार बोटं वर केली. म्हणजे आता पंच चार.

सव्वीस वर्षांत असा डाव झाला नव्हता. तिसऱ्या सदस्यांची खुर्ची करकरली, ताकीद. तेजलने झोपेत पाय झाडला, ताकीद द्यायची की नाही यावर सुलाबाई आणि चतुराबाईंचं हातवाऱ्यांनी जोरदार भांडण झालं. मग तृप्तीच्या हातात पाचवा तुकडा असताना अध्यक्ष खोकले. काकूंनी तिच्याकडे बोट दाखवलं, बाद. तृप्तीने दोन्ही हात पसरले, हे कुठे पंच आहेत? काकूंनी डोळे मिटले, हाताच्या तळव्यावर गाल टेकवला, मग डोळे उघडून पुन्हा बोट दाखवलं. झोपला तो पंच. स्वतःच भरवलेल्या प्रात्यक्षिकात तृप्ती बाद होऊन पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. चतुराबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

साडेतीनला दार उघडून शिपाई चहा घेऊन आला. ट्रेमध्ये सहा कप, सहा बश्या. त्यांचा जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे.

चारही पंच एकदम उठले. हॉलमध्ये कपड्यांची दोरी नव्हती, तरी सवयीने सुलाबाईंनी स्टेजचा पडदा घडी घालायला घेतला. मी नवनाथच्या नाकासमोर उकिडवी बसले होते, बांगड्या कोपरापाशी, हातात सातवा तुकडा. त्याने तुकडा पाहिला, ढीग पाहिला, माझ्या मागे उभ्या असलेल्या चौघींना पाहिलं.

"योगनिद्रा झाली का?" तो म्हणाला.

"झालीच की," मी म्हटलं.

खाली अध्यक्षांनी रुमालाने ओठांची कड पुसली. "अप्रतिम," ते म्हणाले. "अत्यंत शांत खेळ."

"मनाला एक प्रकारची विश्रांती मिळते," दुसरे म्हणाले.

"सुरू कधी होणार?" तिसऱ्यांनी विचारलं, आणि दुसऱ्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

खेळ मंजूर झाला. तृप्तीच्या हातात छापील अर्ज आला आणि माझं अक्षर चांगलं म्हणून तिने तो माझ्याकडे दिला. आठ रकाने सोपे होते. नववा असा होता: पंचाचे पूर्ण नाव, स्वाक्षरी, व खेळाची आपणांस संपूर्ण कल्पना असल्याबाबत पंचाचे प्रमाणपत्र. काकूंनी माझ्या खांद्यावरून तो वाचला. मग तुकडे परत पिशवीत भरायला लागल्या.

परत येताना मी मोटारसायकलवर बसले, तेजल आमच्या मध्ये, आणि वाटेत त्याला सगळं सांगून टाकलं. द्वारका चौकाच्या सिग्नलला नवनाथने मान वळवली.

"म्हंजे दोन वर्षं माझ्या खिडकीखाली..."

"हो."

"आन् मी खोकलो की?"

"बाद."

सिग्नल सुटला. नाशिक रोडला त्याने एक ट्रक मागे टाकला. मग म्हणाला, "सगळ्यात जास्ती कुणाला बाद केलं?"

"मला."

"का पण?"

"काय माहीत. तू खोकायचास तेव्हा नेमका तुकडा माझ्या हातात असायचा."

कॉलनीचं गेट आलं तेव्हा तो पुढे बघूनच म्हणाला, "सॉरी हां."

मला वाटलं तो चिडेल. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला अभिमान वाटला. सोमवारी त्याने सगळ्या शिफ्टला सांगितलं. मंगळवारी कॉलनीतल्या प्रत्येक पुरुषाला कळलं होतं की आपणही पंच आहोत. बुधवारी सुलाबाईंच्या खिडकीखाली आम्ही पहिला तुकडा ठेवला, तर पडद्याच्या फटीत एक डोळा होता. दुसरा तुकडा ठेवला तर आतून आवाज आला, "वाजला." समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीतून दुसरे म्हणाले, "नाय वाजला. मी बघतोय ना." मग वरच्या मजल्यावरून तिसरे. साडेतीन वाजले तेव्हा गोधडीवर दोनच तुकडे होते आणि खिडक्यांत नऊ पंच. आजवर पडदे ओढून झोपणारे शेजारी आता खुर्च्या घेऊन बसले होते.

नवनाथची तऱ्हा आणखीच वेगळी. त्याच्या नाईटच्या दिवशी मी मागे गेले आणि खिडकीतून सहज आत पाहिलं. तो डोळे घट्ट मिटून पडला होता आणि तोंड लाल झालं होतं. मी धावत आत गेले.

"काय होतंय?"

"खोकला येतोय," तो श्वास कोंडून म्हणाला. "पन तुकडा तुझ्या हातात असंल तर?"

मी त्याला पाणी दिलं. तो खोकला, दोनदा. डोळ्यांखाली त्याच्या काळं झालं होतं. चार दिवस तो धड झोपला नव्हता. तेजलही त्याच्याबरोबर जागी राहायची, त्याच्या मिशा ओढत. माझा तास गेलाच होता, वर घरात दोन जागे पंच.

मी काकूंकडे गेले. त्या म्हणतील ते ऐकून घ्यायची तयारी केली होती. काकू पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, आणि पलंगावर निवृत्तीकाका सरळ पडून छताकडे बघत होते.

"बघ," काकू म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी ह्या घोरण्याला कंटाळले. आता ह्यांना जबाबदारी कळली. घोरणं बंद झालं. मला झोप येईना त्या शांततेत."

"मी पंच म्हणून कसा होतो?" काकांनी छताला विचारलं.

"एकदम सुमार," काकू म्हणाल्या. "झोपा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "काकू, मीच हात वर केला."

"केलास. बायका कमी पडत होत्या, ते खरंच होतं ना? मी म्हटलं म्हणून त्या वाढणार नव्हत्या." त्या उठल्या आणि मला एक चिकू दिला. लहान मुलीला देतात तसा.

अर्ज पाठवायला आठवडा उरला होता. नवनाथ सही करायला तयार होता, पेन घेऊन दोनदा बसलाही. मीच अर्ज पोह्यांच्या डब्याखाली सारून ठेवला. सही झाली की बारा शाळा, हॉल, गणवेश. नाही झाली तर काहीच नाही. आणि कुठल्याही बाजूने बघितलं तरी माझ्या मागच्या दाराबाहेर रिकामी फरशी.

शुक्रवारी नवनाथची पहिली पाळी होती. घरात मी आणि तेजल. ती स्वयंपाकघराच्या दारातच चटईवर झोपली. मी ताटं मांडणीत लावत होते. स्टीलची ताटं, एकावर एक. चौथं ठेवताना तिचा खालचा ओठ हलला. मी ताट हवेतच धरलं. ओठ थांबला. मी ताटाची कड आधी टेकवली, मग बोट काढून घेत हळूहळू खाली सोडलं. पाचवं. सहावं. सहाव्याला तिने भुवई उचलली, आणि माझ्या छातीत ते झालं जे दोन वर्षांत नवनाथच्या खिडकीखालीही झालं नव्हतं. नवनाथ फार तर खोकला असता. ही उठली की दुपार खलास.

मी ताटं तिथेच ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिले. दीड वर्षाची. तिला काहीही सांगितलं तरी तिला कळणार नाही की ती पंच आहे. सहीही करता येत नाही.

पण अडचण होती. तेजल एकच, आणि ती रोज वेळेवर झोपेलच असं नाही. आणि खेळायला आणखी बायका हव्यात, एकदोन नव्हे, तीन तरी. कॉलनीत दुसरं तान्हं उरलं नव्हतं. चतुराबाईंना विचारलं, तेव्हा त्या भांडं घासता घासता थांबल्या.

"माझी सून हाय की. मैना. दोन म्हैन्याचं पोर घिऊन बसलीय घरात, भिंतीकडं बघत. तिच्या शेजारच्या दोघी बी तशाच. गावात लेकरांना काय तोटा हाय का."

"आजवर कधी बोलला नाहीत?"

"कुणी इचारलंच नाय," त्या म्हणाल्या. "गेटाच्या आतलाच खेळ म्हणलं व्हतं ना काकूंनी."

मी काकूंना जाऊन सांगितलं. खेळ गेटच्या बाहेर, एकलहरे गावात, चतुराबाईंच्या अंगणात न्यायचा. काकू स्वेटर विणत होत्या, मे महिन्यात. सुई थांबली.

"मी काय म्हणाले होते?" त्यांनी विचारलं.

"बाहेर गेला की आपला राहणार नाही."

"हं. ते मी गंगापूर रोडबद्दल म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "गाव काय बाहेर असतं?" आणि त्या तुकड्यांची पिशवी काढायला उठल्या.

तृप्ती अर्ज न्यायला आली तेव्हा मी तिला चहा दिला आणि सांगितलं की शनिवारपासून खेळ गावात, आणि पंच बदलला आहे. तिने विचारलं, कोण? मी चटईकडे बोट केलं.

"वय?"

"दीड वर्ष."

"थांब, अंगठा चालतो का विचारते." आणि तिने खरंच फोन लावला. अंगठा चालत होता. संपूर्ण कल्पना असल्याचं प्रमाणपत्र मात्र लागतच होतं.

तिने फोन ठेवला. "निकिता, बारा शाळा होत्या. त्यातल्या निम्म्या मुली दुपारी घरात बसून असतात."

मी पोह्यांचा डबा उचलला. खालचा सही नसलेला अर्ज तिला परत दिला. म्हटलं, "मला माझी दुपार पाहिजे होती गं. मोठं काही नाही."

तिने अर्जाची घडी घातली. मग म्हणाली, शाळेत ती वेगळ्या नियमांनी सुरू करेल. पंच खुर्चीवर बसलेला, जागा. त्याच्याकडे शिट्टी.

"मूक लगोरीला शिट्टी?"

"मुली आहेत. शिट्टीशिवाय ऐकत नाहीत." जाता जाता तिने विचारलं, "शनिवारी गावात किती वाजता?"

कॉलनीतल्या पुरुषांना काकूंनी सांगितलं की खेळ शाळेकडे गेला. ते खोटंही नव्हतं. खिडक्यांतले डोळे दोन दिवस रिकाम्या फरशीकडे बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी पडदे ओढले गेले.

"म्हंजे मी आता पंच नाय?" नवनाथने विचारलं.

"नाही. तुला मोकळं केलंय."

"काही चुकलं का माझं?"

"काही नाही. झोप."

तो नऊ तास झोपला. मी दोनदा नाकाखाली बोट धरून बघितलं.

शनिवारी आम्ही गेलो. चतुराबाईंचं अंगण शेणाने सारवलेलं, पत्र्याच्या सावलीत. तीन झोळ्या बांधल्या होत्या, त्यांत तीन तान्ही, आणि खाली गोधडीवर तेजल. मैना एकोणीस-वीसची असेल. डोक्याला बाळंतिणीचा स्कार्फ, डोळ्यांखाली माझ्यासारखंच काळं. शेजारच्या दोघी तिच्या मागे लाजत उभ्या. काकूंनी एकही शब्द न बोलता त्यांना नियम शिकवले. बांगड्या वर, चपला बाहेर, हसू आलं की पदर. चार आणि चार अशा आठजणी झालो. मी कितीतरी दिवसांनी मोजलं.

पहिला चेंडू चतुराबाईंनी मारला. ढीग गोधडीवर न वाजता पसरला. मी धावले, माझ्यामागे मैना. मी दोन रचले, सुलाबाईंनी दोन. पाचवा मैनाच्या हातात आला. तिने तो ठेवायला वाकताना एकदा झोळीकडे पाहिलं, आणि तेवढ्यात तिचं बोट निसटलं.

टक.

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. मैनाच्या झोळीतून एक इवलीशी मूठ वर आली. उघडली, मिटली. तेजलने मान या बाजूची त्या बाजूला केली. आम्ही आठजणी श्वास धरून एका मुठीकडे बघत होतो. ती तशीच हळूहळू खाली गेली.

काकूंनी एक बोट वर केलं. ताकीद.

मैनाला हसू फुटलं. तिने पदराचं टोक तोंडात कोंबलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हलत राहिली, मग नाक पुसून तिने सहावा तुकडा मागायला माझ्यापुढे हात केला.